पैठणीची गोष्ट: पडदा, माग आणि कादंबरी

मराठी चित्रपटाने कादंबरीकडून भरभरून घेतले आहे. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) झाला. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून ‘सिंहासन’ (१९७९) उभा राहिला, तर शांता निसळ यांच्या ‘बेघर’चा ‘उंबरठा’ झाला. उलटा प्रवास, म्हणजे पडद्यावरच्या कथेची कादंबरी होणे, मराठीत विरळा. हिंदी चित्रपटासाठी लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘मेरा नाम जोकर’ आणि ‘बॉबी’ यांना कादंबरीचे रूप दिले. ग्रॅहम ग्रीन यांनी ‘द थर्ड मॅन’ची कथा पटकथेआधी गद्यात लिहून काढली होती. चित्रपट १९४९ मध्ये आला आणि पुस्तक त्यानंतर, १९५० मध्ये. मराठीत या वाटेने जाण्याजोगा सर्वांत समृद्ध विषय येवल्यात आहे, तो म्हणजे पैठणी.

पैठणीचे नाव गोदाकाठच्या पैठणचे, पण तिचा संसार मोठ्या प्रमाणावर वाढला तो नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात. गावाचे प्रमुख रघोजी नाईक यांनी विणकरांना बोलावून येथे वसवले, असे गावाचा इतिहास सांगतो. खत्री, साळी, कोष्टी, मोमीन अशा अनेक समाजांनी माग धरला. पेशवाईत या महावस्त्राला मोठा आश्रय मिळाला. पेशवाई गेली, संस्थाने गेली, तसे गिऱ्हाईक आटत गेले. तरी येवल्यातले माग बंद पडले नाहीत.

हे काम जवळून पाहिले की गोष्टीचा पिंड कळतो. विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो. पदरावरचा मोर यंत्राने उठत नाही. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताने ताण्यातून फिरवावी लागते, आणि शेजारचे दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत गुंतवावे लागतात. म्हणून अस्सल हातमागाच्या पैठणीचा पदर उलट बाजूनेही तितकाच नेटका दिसतो. जॅकार्डवरच्या सेमी पैठणीच्या पाठीवर मात्र सुटे धागे असतात. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव उमटते. साध्या पैठणीला महिना-दोन महिने लागतात, भरगच्च पदराच्या पैठणीला वर्षही सरते. रेशीम उकलणे, कांड्या भरणे ही कामे घरातल्या बायका-मुले करतात. एका साडीमागे सगळे घर राबते. धागा गुंडाळण्याची आसारी तर येवल्याच्या संक्रांतीतही शिरली आहे. इतरत्र चक्रीवर असतो तो पतंगाचा मांजा येथे आसारीवर असतो.

पडद्याने पैठणी पाहिली ती मात्र नेसणाऱ्या बाईच्या बाजूने. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सूत्रसंचालक आदेश बांदेकर घरोघरी जात आणि खेळ जिंकणाऱ्या वहिनींना पैठणी देत. तो २०२२ पर्यंत चालला. श्रीमंतांच्या कपाटातले महावस्त्र त्याने चाळीतल्या आणि खेड्यातल्या बाईच्या स्वप्नात आणून ठेवले. शंतनू रोडे यांचा ‘गोष्ट एका पैठणीची’ याच स्वप्नाभोवती फिरतो. साध्या घरातली बाई आणि तिला हवी असलेली पैठणी हा त्याचा गाभा. अडुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. स्वप्नाची गोष्ट दोन-अडीच तासांत सांगून होते. विणकराची होत नाही, कारण तिचे एकक महिना आहे, पिढी आहे.

प्रियदर्शन यांच्या ‘कांचीवरम’ (२००८) या तमिळ चित्रपटाने विणकराची बाजू घेतली. आयुष्यभर रेशीम विणणाऱ्या माणसाला मुलीच्या लग्नासाठी एक रेशमी साडी परवडत नाही, आणि तो धागे चोरू लागतो. हिंदीत अब्दुल बिस्मिल्लाह यांनी ‘झीनी झीनी बीनी चदरिया’मध्ये बनारसच्या विणकर वस्तीचे जगणे कादंबरीत आणले. येवल्याचा ऐवज याहून कमी नाही. तात्या टोपे यांचा जन्म याच गावचा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तीही येथेच, आता मुक्तिभूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी. येवल्यातल्या विणकर घराण्याची कादंबरी लिहिली, तर पेशव्यांच्या पागोट्यापासून मुक्तिभूमीपर्यंत आणि राजाश्रयापासून यंत्रमागाच्या स्पर्धेपर्यंतचा सगळा काळ तिच्या दारावरून जाईल. २०१० मध्ये पैठणीला मिळालेले भौगोलिक मानांकन हे तिचे अलीकडचे प्रकरण ठरेल.

एक ताणा संपत आला की विणकर नवा ताणा जुन्याच्या टोकांना जोडतो. एकेक धागा हाताने वळून हजारो धाग्यांची ही सांधणी होते आणि मग पुढची साडी सुरू होते. चित्रपटाला हे काम एका दृश्यात उरकावे लागते. कादंबरीत ते एका पिढीकडून दुसरीकडे जाणाऱ्या हातांसह, पुऱ्या वेळाने मांडता येते. पैठणीच्या पडद्यावरच्या गोष्टीत राहून गेलेला भाग हाच आहे.