बहात्तर वर्षे चाललेली गोष्ट



टेंभुर्णी म्हटले की बहुतेकांना पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव आठवते. आमचे टेंभुर्णी ते नव्हे. आमचे जालना जिल्ह्यातले, जाफराबाद तालुक्यातले. चातुर्मासात इथे संध्याकाळी देवळात पोथी लागते. मागे एका वर्षी भावार्थ रामायण लावले होते आणि वाचनाचे काम माझ्याकडे आले होते. आता आपणांपैकी पुष्कळांना हे ठाऊकच असेल की, पैठणच्या नाथमहाराजांच्या हातून हा ग्रंथ पुरा झाला नाही. युद्धकांडाचा चव्वेचाळिसावा अध्याय झाला आणि १५९९ साली महाराजांनी देह ठेवला. पुढचा सगळा भाग त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने लिहिला, अशी परंपरा आहे. हा गावबा कोण? तर पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या वाड्यात राहिलेला, लोक ज्याला वेडगळ समजत असा पोरगा. आख्यायिकाच आहे ती, पण गोड आहे.

मी काय केले, चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस हे अध्याय लागोपाठच्या दोन दिवशी वाचले आणि कोणाला काही सांगितले नाही. कोणाच्याही ध्यानात आले नाही. तिसऱ्या दिवशी सांगितले, तेव्हा मागे खांबाला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "मंग गावबानं नीट आइकलेलं दिसतंय की."

हे वाक्य जरा बाजूला ठेवा. आज मला एका अशाच, एका हातातून दुसऱ्या हातात गेलेल्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे. ती पोथी मात्र नव्हे. ती आहे अमेरिकेतली, भर दुपारी लागणारी एक कौटुंबिक मालिका.

आता तुम्ही म्हणाल, जाफराबाद तालुक्यातल्या मास्तराला अमेरिकेच्या मालिकेचे काय पडले आहे? त्याचे असे झाले. आमच्या पारावर मालिकांची चर्चा रोजची. "परवापर्यंत ती सून अशी नव्हती, लेखक बदलला असणार," असे कोणीतरी म्हणतेच. आपल्याकडे ही कला फार जुनी नाही. १९८४ च्या जुलैत दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. तिचे १५६ भाग मनोहर श्याम जोशी या एकाच लेखकाच्या लेखणीतून उतरले. शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलत, ते आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पुढे १९९४ मध्ये 'शांती' आली आणि रोज एक भाग हा प्रकार रुळला. मग मराठीत 'दामिनी' आली. २००१ मध्ये सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' तर तीन हजारांहून अधिक भाग चालली. आठवड्याला एक भाग असतो तोवर एकटा माणूस लिहू शकतो. रोज एक म्हटले की एकट्याचे काम नव्हे. तेव्हा लेखक बदलल्याने गोष्टीचे काय होते हे नीट पाहायचे, तर जिथे हा व्यवसाय सगळ्यांत जुना आहे तिथे जावे, असे मी ठरवले. शहरात शिकणाऱ्या पुतण्याने मोबाइलवर जुने भाग शोधून दिले. सुरुवातीच्या काळातले पुष्कळ भाग जपलेच गेले नाहीत. पण उरले आहेत तेही थोडे नाहीत. इंग्रजी भराभर बोलतात, म्हणून एकेक प्रसंग दोन-दोनदा पाहिला.

या मालिकेचे नाव 'गायडिंग लाइट', म्हणजे वाट दाखवणारा दिवा. २५ जानेवारी १९३७ रोजी ती रेडिओवर सुरू झाली. हो, रेडिओवरच, पंधरा-पंधरा मिनिटांची श्रुतिका होती ती. ३० जून १९५२ रोजी ती टेलिव्हिजनवर गेली. पुढची चार वर्षे ती दोन्हीकडे चालली आणि १९५६ साली रेडिओवरची बंद झाली. खर्च करणारी कंपनी साबण विकणारी. दुपारी घरी असलेल्या बाईने गोष्ट ऐकावी आणि साबण घ्यावा, हा सरळ हिशोब. म्हणून या साऱ्या प्रकाराला तिकडे 'साबणाची नाटके' असे चेष्टेचे नाव पडले.

ती सुरू करणारी बाई इर्ना फिलिप्स. शिक्षकबंधूंनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे, की ती आधी शाळेत शिकवीत असे. शिकागोच्या रेडिओवर तिने १९३० पासून असल्या श्रुतिका लिहिल्या. ती कागद घेऊन बसत नसे. खोलीत येरझारा घालीत, एकेका पात्राचा आवाज काढीत ती बोलत जाई आणि लेखनिक उतरून घेई. गोष्ट एका पाद्रीबाबाची. त्याच्या खोलीच्या खिडकीत रात्री दिवा असे. ज्याला अडचण असेल त्याने तो पाहून यावे. तोच नावातला दिवा. १९४८ च्या सुमारास त्यात बाउअर नावाचे, जर्मनीहून येऊन स्थायिक झालेले कुटुंब आले आणि पाद्रीबाबा मागे पडला.

या घरातली सून बर्ट. १९५० पासून चॅरिटा बाउअर या नटीने ती भूमिका केली. नटीचे आडनाव आणि पात्राचे आडनाव एकच, हा योगायोग. फिलिप्सबाईंनी रंगवलेली बर्ट काही आदर्श नव्हती. नवऱ्याला टोचून बोलणारी, शेजारणीकडे आहे ते आपल्याकडे का नाही म्हणून धुसफुसणारी. आपल्या ओळखीचीच की नाही?

मग १९५८ मध्ये लेखणी अ‍ॅग्नेस निक्सन या बाईकडे आली. ती फिलिप्सबाईंच्याच हाताखाली तयार झालेली, म्हणजे गावबाच म्हणा. तिने बर्टला बदलले नाही. बर्टवर प्रसंग आणला. १९६२ मध्ये बर्टला गर्भाशयाचा कर्करोग निघतो. निक्सनबाईंची एक मैत्रीण याच रोगाने गेली होती. वेळेवर साधी तपासणी झाली असती तर ती वाचली असती, हे त्यांच्या मनात सलत होते. कंपनीला आणि वाहिनीला हे नको होते. दुपारच्या वेळी असले विषय कसे काढायचे! शेवटी परवानगी मिळाली ती एका अटीवर, की 'कर्करोग' हा शब्द उच्चारायचा नाही, 'गर्भाशय' हा शब्द नाही आणि शस्त्रक्रियेचे नावही नाही. विचार करा, रोगाचे नाव न घेता रोगाची गोष्ट सांगायची! त्यांनी ती सांगितली. डॉक्टर म्हणतो, पेशी बरोबर दिसत नाहीत. बर्ट टाळाटाळ करते, कामाची सबब सांगते, शेवटी जाते, आणि वेळेत गेल्यामुळे वाचते. हे पाहून आपणही तपासून घेतले, अशी बायकांची पत्रे पुढे आली.

इथे जरा थांबतो, कारण हा विषय आपल्या अंगणातला आहे. आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून काही वर्षे याच रोगाच्या तपासणीचा मोठा प्रयोग झाला. त्यात १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. जिवाणूहूनही बारीक अशा ज्या विषाणूमुळे हा रोग होतो, त्याची एकदाच चाचणी केली तरी पुढे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हा निष्कर्ष २००९ मध्ये जगापुढे आला. ज्या बायांनी तपासणीसाठी पायरी चढली, त्या आपल्या मामाच्या, मावशीच्या गावच्या. तेव्हा बर्टची टाळाटाळ पाहताना मला हसू आले नाही.

असो. गोष्टीकडे वळू. १९६८ पासून भाग लांबले. पंधरा मिनिटांचा अर्धा तास आणि अर्ध्याचा एक तास झाला. तेव्हापासून मुख्य लेखक फक्त आराखडा काढतो. हा आराखडा सहा महिन्यांचा. दुसरा त्यातून रोजचे प्रसंग पाडतो, तिसरा संवाद घालतो. घर बांधताना मिस्त्री, गवंडी आणि गिलावा करणारा वेगळे असतात तसे. मुख्य मिस्त्री बदलला की काय होते हे घर बांधलेल्याला विचारा. पहिल्याने काढलेली खिडकी दुसऱ्याला खुपते!

डॉब्सन पतिपत्नींनी १९७९ मध्ये, नवऱ्याने बायकोवर केलेली बळजबरी हा गुन्हा आहे, असे दाखवणारी कथा लिहिली. ती धाडसाची होती आणि मला ती पटली, एवढेच इथे सांगतो.

त्यांच्यानंतर आला डग्लस मार्लंड. माझ्या मते या सगळ्यांत हा गावबाचा खरा सख्खा. १९८० ते १९८२ एवढीच वर्षे त्याने मुख्य लेखन केले. त्याने श्रीमंतांच्या बंगल्यांतून गोष्ट काढून एका खानावळवजा घरात आणली. तिथली नोला नावाची मुलगी सिनेमे पाहून स्वप्ने रंगवणारी. खोटे बोलते, दुसऱ्याचे लग्न मोडू पाहते. पण आपण तिच्यावर रागावून राहू शकत नाही, कारण तिला काय हवे आहे ते आपल्याला दिसत असते. मार्लंडने पुढे नव्या लेखकांसाठी काही सूचना सांगून ठेवल्या. आधी मालिका बघ. तिचा इतिहास शीक. प्रेक्षकांची पत्रे वाच. नवे पात्र सावकाश आण आणि जुन्याच्या नात्यात आण. आणि मुख्य म्हणजे, 'हा माणूस असे कधीच करणार नाही' असे प्रेक्षकाने म्हटले, की तू हरलास. इतक्या साध्या गोष्टी. सूचना साध्या असल्या तरी पाळणारे थोडे, हे आम्हा मास्तरांना वेगळे सांगायला नको.

त्याच्यानंतरच्या पॅम लाँग या बाईच्या काळातला एक प्रसंग मी तीनदा पाहिला. चॅरिटा बाउअरचा पाय खरोखरच कापावा लागला होता. लेखकांना बर्टला परगावी पाठवून मोकळे होता आले असते. तसे न करता त्यांनी बर्टचाही पाय कापला जातो असे लिहिले, आणि ती वृद्ध नटी नकली पायाने, हळूहळू, कॅमेऱ्यासमोर चालली. चौतीस वर्षे जिला पाहिले तिला प्रेक्षकांनी अशी चालताना पाहिले. १९८५ मध्ये ती वारली.

बर्ट गेल्यावर घराचा चुलवण सांभाळला तो मॉरीन या सुनेने. बर्टच्या मुलाची ही बायको. पोरेसोरे तिच्याच स्वयंपाकघरात येऊन रडायची. १९९३ च्या जानेवारीत मॉरीनला मारले. नवऱ्याचे दुसरीशी सूत जुळल्याचे तिला कळते, ती गाडी घेऊन निघते, अपघात होतो. इथे माझी पंचाईत होते. ते भाग उत्तम लिहिलेले आहेत. एकही संवाद जास्तीचा नाही. ते लिहिणारी नॅन्सी करली आणि तिचे सहकारी कसबी होते यात शंका नाही. पण घरातली चूलच विझवली. पुढे माणसे जमायची कुठे? प्रेक्षकांनी संतापून पत्रे लिहिली, आणि मला वाटते, लेखकांपेक्षा त्यांना घर जास्त कळले होते. चांगले लिहिणे आणि चांगले राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथे पहिल्यांदा कळले.

आणि १९९८? बोलू नये, पण बोलतो. रीव्हा नावाची, लोकांची अतिशय लाडकी नायिका. ती मेली असे समजून तिचा नवरा एका शास्त्रज्ञाकरवी तिच्या पेशीपासून तिची हुबेहूब दुसरी बाई तयार करवून घेतो! दोन वर्षांपूर्वी विलायतेत डॉली नावाची मेंढी अशी जन्मली होती, म्हणून या बाईचेही नाव डॉली. औषध पाजून तिला भराभर मोठी करतात, आणि शेवटी तेच औषध जास्त पिऊन ती म्हातारी होऊन मरते. आमच्या घरात हे पाहताना लहान मुले खूश झाली. मोठी माणसे उठून गेली. नवऱ्याचे दुःख खरे होते, हे मान्य; बायको गेल्यावर माणूस काय वाटेल ते करू बघतो. पण ते दुःख लिहायला जे ऐकावे लागते, ते लेखकांनी ऐकले नव्हते. मेंढी वर्तमानपत्रात वाचली होती.

त्यापुढची दहा वर्षे मी भराभर पाहिली. पैसा कमी झाला, पुढे चित्रण हातातल्या लहान कॅमेऱ्यांवर आले. दुपारी घरी असणारी बाईच राहिली नव्हती. ती कामावर जात होती. १८ सप्टेंबर २००९ रोजी शेवटचा भाग दाखवला गेला. तोवर टेलिव्हिजनवरचेच पंधरा हजारांहून अधिक भाग झाले होते, आणि रेडिओपासून धरले तर बहात्तर वर्षे भरली होती.

शेवटच्या भागात तीच रीव्हा, आता प्रौढ झालेली, आणि तिचा जॉश एका जुन्या मालवाहू गाडीत बसून निघतात. मागे दीपगृह आहे, म्हणजे खिडकीतला दिवा इतक्या लेखकांच्या हातून जाऊन शेवटी तिथे पोचला. मेंढीची गोष्ट कोणी काढत नाही. पुतण्याने विचारले, "काका, ते कुठे चाललेत?" मला सांगता आले नाही. गाडी निघून जाते, आणि पडद्यावर 'समाप्त' अशी अक्षरे येतात.