हेलिकॉप्टरच्या कारखान्यातली गिटार

प्रवासात नेता येणाऱ्या कार्बन फायबरच्या छोट्या गिटारचं मूळ शोधत गेलं, की वाट अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, एका हेलिकॉप्टरच्या कारखान्यात पोचते. चार्ल्स कामन यांनी १९४५ साली तो सुरू केला. ते स्वतः हौशी गिटारवादक होते. पात्यांची थरथर कशी शमवायची, यावर त्यांच्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. तेच ज्ञान त्यांनी गिटारसाठी उलट्या दिशेने वापरलं. १९६६ साली त्यांची ‘ओव्हेशन’ गिटार आली. तिची तबली, म्हणजे पुढची थरथरणारी फळी, लाकडाची होती, पाठ मात्र काचतंतूंची, परातीसारखी गोलाकार.

या गिटारला घरोघर पोचवलं ते गायक ग्लेन कॅम्पबेल यांनी. १९६९ पासून त्यांचा स्वतःचा टीव्ही कार्यक्रम होता आणि त्यांच्या हातात ओव्हेशन असे. पण मोठ्या मंचावर साध्या गिटारचा आवाज पोचवणं अवघड होतं. माइक जवळ ठेवला, की स्पीकरमधून शिट्टी घुमायची. लांब ठेवला, की गिटार ऐकू येत नसे. यावरचा उपाय एका जुन्या शोधात होता. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांत वीज निर्माण होते, हे प्येर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं होतं. ओव्हेशनने असे दाबाला प्रतिसाद देणारे तुकडे तारांच्या टेकूखाली, म्हणजे सॅडलखाली बसवले. हाच पिकअप. तार छेडली की सॅडलवरचा दाब बदलतो आणि त्यातून विजेची लहर उमटते. ती फार क्षीण असते, म्हणून गिटारच्या पोटातच छोटा प्री-अॅम्प बसवला गेला. केबल जोडायची आणि वाजवायला लागायचं, ही सोय आज इतकी अंगवळणी पडली आहे, की त्यामागचा खटाटोप सहसा कुणाला आठवत नाही.

त्याच सुमारास कार्बनचे तंतू विमानविद्येत मोलाचे ठरू लागले होते. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या संशोधकांनी भरपूर ताकदीचे तंतू बनवण्याची पद्धत बसवली. कामन यांच्या कारखान्याला ही सामग्री परकी नव्हती. १९७६ साली ओव्हेशनने ‘अॅडमस’ आणली. तिच्या तबलीत बर्चच्या पातळ पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंना कार्बनचे थर होते आणि मधल्या एका मोठ्या छिद्राऐवजी खांद्यांकडे लहान लहान छिद्रं. कार्बनची तबली आणि सॅडलखालचा पिकअप असे एकाच घरात वाढले. त्यामुळे कार्बन गिटार निवडताना पिकअप नंतर कधीतरी बघू म्हणणं, या वाद्याच्या घडणीकडे पाठ फिरवण्यासारखं आहे.

पूर्ण कार्बनची गिटार बाजारात यायला आणखी दीड-दोन दशकं लागली. हवाईतल्या माउई बेटावर जॉन डेकर यांनी ‘रेनसाँग’ उभी केली ती पावसाळी, दमट हवेला तोंड देण्यासाठी. लाकडी गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबईच्या जुलैत ती सहज ८०च्या पुढे जाते, तर नागपुरात मेच्या दुपारी २०च्या आसपास येते. एकीकडे तबली फुगते, दुसरीकडे आक्रसते, कधी तडकतेसुद्धा. कार्बनला याचं सोयरसुतक नाही. शिवाय तो इतका ताठ असतो, की रेनसाँगने तबलीखालच्या आधारपट्ट्याच काढून टाकल्या.

लाकडाची दुसरी अडचण कायद्याची. ब्राझीलमधला रोझवूड दुर्मीळ झाल्यावर १९६९च्या सुमारास मार्टिन कंपनी भारतीय शिसवाकडे वळली. सह्याद्रीत वाढणारा हा वृक्ष जगभरच्या गिटारांच्या पाठीवर पोचला. पुढे २०१७च्या जानेवारीत शिसवाच्या प्रजातीतल्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचं बंधन आलं. तयार वाद्यांना सूट मिळायला २०१९चा नोव्हेंबर उजाडला.

आकार लहान करण्याची धडपड मात्र लाकडातच सुरू झाली होती. मार्टिनची सडपातळ ‘बॅकपॅकर’ १९९४ साली कोलंबिया यानातून अंतराळात जाऊन आली. १९९६ साली टेलरची ‘बेबी’ आली. विमानात सामानाच्या कक्षात टाकलेल्या गिटारचं काय होतं, हे कॅनडाच्या डेव्ह कॅरल यांनी २००९ साली गाणं करून जगाला सांगितलं. त्यांची टेलर गिटार आदल्या वर्षीच्या प्रवासात मोडली होती. २०१२च्या अमेरिकी कायद्याने वरच्या कप्प्यात मावणारं वाद्य केबिनमध्ये नेण्याची मुभा दिली. लहान आणि न तडकणाऱ्या गिटारला आता खरं गिऱ्हाईक मिळालं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ब्लॅकबर्ड’ने दांडीसुद्धा पोकळ ठेवून आतली हवा वाढवली, युटातल्या ‘क्लोस’ने दांडी सुटी होणारी गिटार काढली.

आतल्या हवेचा हा प्रश्न कार्बनलाही चुकत नाही. पेटी लहान, म्हणजे हवा कमी आणि खर्ज उणा. ती उणीव मंचावर पिकअप आणि अॅम्प मिळून भरून काढतात, म्हणूनच कोणता पिकअप हे इथे कळीचं ठरतं. सॅडलखालचा पिकअप गोंगाटातही टिकतो आणि सहसा शिट्टी घालत नाही. पण जोरात छेडलं की त्याचा स्वर टणक, थोडा प्लॅस्टिकसारखा होतो. ब्रिजच्या, म्हणजे सॅडल बसवलेल्या पट्टीच्या खाली आतून चिकटवायच्या चकत्या तबलीची थरथर टिपतात. ‘के अँड के’च्या अशा तीन चकत्यांच्या पिकअपला बॅटरीही लागत नाही. त्यांचा आवाज जास्त नैसर्गिक असतो, पण त्या तबलीवरची टकटकही पकडतात. आधारपट्ट्या नसलेल्या कार्बन तबलीवर त्या बसवताना जागा काळजीपूर्वक शोधावी लागते, कारण प्रत्येक कंपनीच्या थरांची रचना वेगळी. एकट्याने, हलक्या बोटांनी वाजवणाऱ्याने चकत्या घ्याव्यात. ढोल-ताशांच्या शेजारी उभं राहणाऱ्याला सॅडलखालचाच पिकअप साथ देईल.

चीनच्या ‘लाव्हा’ने तर अलीकडे पिकअपचं कामच वाढवलं आहे. त्यांच्या यंत्रणेत टिपलेला स्वर घुमारा देऊन पुन्हा गिटारच्याच अंगातून वाजवला जातो, स्पीकर न जोडता.