नुस्खा म्हणजे नक्कल

उर्दूच्या तासाला 'नुस्खा' हा शब्द आला की मुलं लगेच घरगुती औषधं सांगू लागतात. कुणी हळद-दूध, कुणी आल्याचा रस. मग मी त्यांना सांगतो की हा शब्द अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे नक्कल, म्हणजे प्रत. औषधाच्या चिठ्ठीला 'प्रत' का म्हणावं, हा प्रश्न मात्र बराच काळ माझ्याच डोक्यात राहिला होता.

बाराव्या शतकात शाम देशात, म्हणजे आजच्या सीरियात, शैझरी नावाचा लेखक होऊन गेला. त्यानं मुहतसिबासाठी, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात वजनमापं आणि नानबाई यांच्यासोबत वैद्यांचंही प्रकरण आहे. वैद्यानं रोग्याची विचारपूस करावी, नाडी पाहावी, रोग्यानं काय सांगितलं आणि आपण कोणतं औषध दिलं ते लिहावं आणि त्याची एक प्रत साक्षीदारांसमोर घरच्यांच्या हाती द्यावी. दर भेटीला हेच करावं. रोगी दगावला तर घरच्यांनी त्या प्रती प्रमुख हकीमाकडे न्याव्यात. वैद्याची चूक ठरली तर त्याच्याकडून दियत, म्हणजे भरपाई घ्यावी.

हा नियम सगळीकडे पाळला जात होता, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण त्यामागची समज स्पष्ट आहे. नोंद वैद्य लिहितो, तरी तिची एक प्रत रोग्याच्या घरी असते, कारण जाब विचारायचा हक्क त्याच घराचा असतो.

त्याच्याही आधी, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, रै आणि बगदादच्या इस्पितळांत अल-राझी रोग्यांच्या हकिकती लिहून ठेवत असे. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या टिपणांतून 'अल-हावी' हा प्रचंड ग्रंथ तयार झाला. म्हणजे नोंदीचे दोन उपयोग फार जुने आहेत. वैद्यानं शिकावं आणि वैद्याला विचारता यावं.

आता आमच्या मुळशीत या. तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी आहे, तिथं जगभरासाठी सॉफ्टवेअर तयार होतं. दुसऱ्या टोकाला ताम्हिणीकडच्या वाड्या आहेत, तिथं फोनला रेंज शोधत फिरावं लागतं. डिजिटल आरोग्य नोंद या दोन्ही टोकांना लागू पडायला हवी.

काही वर्षांपूर्वी अम्मीला शहरातल्या एका रुग्णालयात नेलं. सल्फाच्या गोळ्यांनी तिच्या अंगावर चट्टे उठतात. मागच्या वेळी ते कॉम्प्युटरमध्ये नोंदवलं होतं. पण इंग्रजीत 'शेख' कुणी 'ए-आय' घालून लिहितं, कुणी 'ई-आय' घालून. त्यामुळे अम्मीच्या दोन फायली झाल्या होत्या आणि उघडलेल्या फायलीत ॲलर्जीचा रकाना कोरा होता. डॉक्टर भला माणूस होता, पण त्याची नजर पडद्यावरच होती. गोळीचं नाव ऐकताच अम्मीनं कापडी पिशवीतून पिवळा पडलेला केसपेपर काढला. त्यावर आमच्या जुन्या डॉक्टरांनी लाल शाईनं इशारा लिहिला होता. गोळी बदलली गेली.

यावरून कॉम्प्युटर वाईट, असं मी म्हणणार नाही. नाव एकच असतं तर त्याच यंत्रानं धोक्याची सूचना दिली असती. केसपेपर तर पावसात भिजतो, हरवतो, त्यावरचं अक्षर लागत नाही. 2019 साली सुरू झालेल्या ई-संजीवनीमुळे दूरच्या गावातून डॉक्टरांचा सल्ला मिळतो, हीही मोठी सोय आहे.

27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये 14 अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. तो ऐच्छिक आहे आणि रोग्याच्या संमतीनंच नोंद दुसऱ्या डॉक्टरला दिसावी, अशी त्याची रचना आहे. तत्त्व शैझरीच्या जवळचंच आहे. पण ओटीपी मुलाच्या मोबाइलवर येत असेल आणि मुलगा कंपनीत पाळीवर असेल, तर आईची प्रत आईच्या हातात आहे, असं कसं म्हणायचं?

म्हणून शाळेच्या पालक सभेत मी साध्या तीन गोष्टी सांगतो. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. ॲलर्जी नोंदवली का ते विचारा. आणि निघताना छापील प्रत मागून घ्या, लाजू नका.

अम्मीची पिशवी अजून खुंटीला आहे. आता त्यात प्रिंटआउटही असतात.