ती सातजण हुती की

परवा बहिणीचा गारगोटीहून फोन. भाचा रात्र-रात्र जागा असतो, जेवण नीट नाही. स्पर्धा परीक्षेचं चौथं वर्ष. अभ्यासिकेत शेजारी चाळीस पोरं, पण कुणी कुणाशी बोलत नाही म्हणे.

गेल्या दिवाळीत हुतात्म्यांच्या स्मारकापाशी मीच त्याला सुनावलं होतं. १३ डिसेंबर १९४२. गारगोटीच्या कचेरीवर हल्ला झाला, त्यात करवीरय्या स्वामी, नारायण वारके आणि आणखी पाच जण गेले. (आपल्याकडच्या सूतगिरणीचं स्वामी-वारके हे नाव या दोघांचं.) म्हटलं, त्यांनी जीव दिला आणि तुला एक परीक्षा जड जाते! तो शांतपणे म्हणाला, "मामा, ती सातजण हुती की."

तेव्हा उद्धट वाटला. आता वाटतं, सगळं त्यातच आलं. बेचाळीसची पोरं आनंदी होती का, कोण सांगणार? कुणी मोजलंच नव्हतं. आता मोजतात. २०२४ च्या जागतिक आनंद अहवालात अमेरिका-कॅनडातली तिशीच्या आतली मंडळी साठीपुढच्यांपेक्षा कमी आनंदी निघाली. तिथे तर नोकऱ्यांचा एवढा दुष्काळ नाही, मग?

मला जे. पी. नाईक आठवतात. आजरा तालुक्यातला माणूस. १९३२ मध्ये, पंचविशीत, बेळ्ळारीच्या तुरुंगात होते. पुढचं सगळं अंधारात. तिथे ते आजारी कैद्यांची शुश्रूषा करायला लागले, त्यातून वैद्यकी शिकले आणि सुटल्यावर धारवाडकडच्या एका खेड्यात जाऊन राहिले. त्यांनीच पुढे गारगोटीत मौनी विद्यापीठ उभारलं. १९५६ नंतर तिथे ग्रामीण संस्था आली. खेड्यातल्या पोरानं शिकावं ते खेड्याच्या कामासाठी, चार माणसांत मिसळून, अशी कल्पना. ती देशभर विरली, कारण पालकांना विद्यापीठाची पदवी हवी होती. आमच्या वडिलांनाही! आणि खरं सांगायचं तर मलाही. त्या पदवीवरच मी पुण्यात आलो.

म्हणजे भाच्याच्या खोलीचं दार आम्हीच लावलंय. असो.

काल त्याच्याशी तासभर बोललो, परीक्षेचा विषय न काढता. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिला, मराठीत बोलता येतं म्हणून सांगितलं. "बघतो," म्हणाला. मग त्यानंच विचारलं, "मामा, तुमी कवा येताय?"

शनिवारच्या एसटीचं तिकीट काढलंय.