विश्रांत पेशी, रक्तवाहिनीचा अंतःस्तर आणि एचआयव्ही : एका प्रश्नाचा इतिहास

एचआयव्हीचा शोध १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत लागला. पुढे १९९० मध्ये जेरोम झॅक व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, विश्रांत टी-पेशीत विषाणू शिरला तरी त्याच्या आरएनएपासून डीएनए बनण्याची क्रिया अपुरीच राहते. मात्र १९९७ मध्ये तीन संशोधनगटांना प्रभावी औषधोपचार घेणाऱ्या रुग्णांच्याही विश्रांत सीडी४ पेशींत सुप्त विषाणू आढळला. उपचार थांबल्यावर आजार का उसळतो, याचे उत्तर येथे मिळाले. सक्रिय पेशी बाधित होऊन नंतर विश्रांत होतात, हे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण होय.

दुसरी शक्यता मिशिगनमधील कॅल्विन कॉलेजच्या प्रयोगशाळेतून पुढे आली. अँडिंग शेन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखविले की, रक्तवाहिनीच्या अंतःस्तरातील पेशींच्या सान्निध्यात विश्रांत पेशींनाही उत्पादक व सुप्त असा दोन्ही प्रकारचा संसर्ग होतो. रक्तातून लसिका ग्रंथीत जाताना टी-पेशी हाच अंतःस्तर ओलांडतात. तात्पर्य, पूर्वीचे प्रयोग चुकीचे नव्हते. त्यांत पेशीचा शेजार तेवढा वगळला गेला होता. सुप्त साठ्याच्या निर्मूलनाचा विचार करताना हा शेजार दुर्लक्षून चालणार नाही.