योबेल वर्ष

बायबलच्या जुन्या करारात सांगितलेले पन्नासावे वर्ष. या वर्षी विकलेली वतनी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी आणि कर्जापायी दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या इस्राएली माणसाची सुटका व्हावी, असा नियम ‘लेवीय’ या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. संपत्ती, कर्ज आणि पृथ्वीवरील साधनांची वाटणी यांविषयीचा ख्रिस्ती विचार पुढे अनेक वाटांनी वाढला. त्याचे मूळ शोधू लागले की या अध्यायापाशी यावेच लागते.

दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा. त्या वर्षी शेतात आपोआप उगवेल ते मालक, गडीमाणसे, उपरे आणि जनावरे अशा सर्वांचे. अशी सात सप्तके, म्हणजे ४९ वर्षे, भरली की सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, देशभर रणशिंग फुंकून योबेल जाहीर करायचे. जमीन परमेश्वराची आहे आणि माणसे तिच्यावर उपरी म्हणून, त्याची कुळे म्हणून राहतात, हा या साऱ्याचा आधार. त्यामुळे तिची कायमची विक्री होऊच शकत नाही.

किंमत ठरवण्याची रीतही बारकाईने दिली आहे. पुढच्या योबेलाला ४० वर्षे असतील तर भाव जास्त, पाचच उरली असतील तर कमी. घेणाऱ्याने पैसे मोजायचे ते तेवढ्या वर्षांच्या पिकांचे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा व्यवहार खरेदीखतापेक्षा मुदतीच्या भाडेपट्ट्यासारखा वाटेल. विकणाऱ्याच्या हाती पैसा आला, किंवा जवळच्या भाऊबंदाने पुढाकार घेतला, तर उरलेल्या वर्षांचा हिशेब करून मध्येच जमीन सोडवता येई. तटबंदीच्या नगरातले घर मात्र वर्षभरात सोडवले नाही तर कायमचे घेणाऱ्याचे होई. खेड्यातली घरे शेताबरोबर धरलेली. नियमाचा रोख इथे उघड होतो. शहरातले घर गेले तरी कुटुंब तगते. शेत गेले की पुढची पिढी मजूर म्हणूनच जन्माला येते. ती साखळी एका आयुष्याच्या आत तुटावी, अशी ही योजना आहे.

परक्या राष्ट्रांतून घेतलेल्या दासांना याच अध्यायात सुटका नाकारलेली आहे, ही या योजनेची गंभीर उणीव. शिवाय योबेल प्रत्यक्षात पाळले गेल्याचा दाखला बायबलच्या इतिहासपर ग्रंथांत मिळत नाही. मिळतात त्या उलट हकिगती. राजा अहाबाला वाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता. वाडवडिलांचे वतन देणार नाही, असे नाबोथाने सांगितले, तेव्हा राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करवला. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, यहूदाचा सुभेदार नहेम्या याच्या काळी, दुष्काळात धान्यासाठी आणि राजाच्या साऱ्यासाठी लोकांनी शेते गहाण टाकली होती, पोटची मुले दास्यात दिली होती. नहेम्याने सावकारी करणाऱ्या सरदारांना भर सभेत जाब विचारला आणि शेते, घरे व घेतलेले व्याज परत करण्याची शपथ त्यांना घ्यायला लावली. योबेलाच्या भावनेच्या सर्वांत जवळ जाणारा हाच प्रसंग म्हणता येईल.

लूकच्या शुभवर्तमानानुसार येशूने नासरेथच्या सभास्थानात यशयाच्या ग्रंथातील उतारा वाचला. बंदिवानांची सुटका आणि देवाच्या कृपेचे वर्ष जाहीर करणारा हा उतारा अनेक अभ्यासक योबेलाशी जोडतात. यरुशलेममधील पहिल्या मंडळीत जमिनी विकून आलेला पैसा प्रेषितांच्या स्वाधीन होई आणि ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटला जाई. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बाझिल यांनी दुष्काळात कोठारे भरून ठेवणाऱ्यांना खडसावले आणि गावाबाहेर आजारी व निराधारांसाठी मोठा आश्रम उभारला. मिलानचे बिशप अँब्रोझ यांनी तर नाबोथावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. धनवान गरिबाला देतो ते दान म्हणता येणार नाही, तो गरिबाचेच त्याला परत करतो, अशी त्यांची भूमिका होती. ख्रिस्ती अर्थविचारातले इतके परखड विधान नंतरच्या काळात क्वचितच सापडते.

पोप बोनिफेस आठवे यांनी १३०० मध्ये रोममध्ये पहिले ज्युबिली, म्हणजेच योबेल, वर्ष पाळले. त्यात यात्रेकरूंना पापदंडाची माफी मिळाली. शेत आणि कर्ज त्याबाहेर राहिले. योबेल असे निव्वळ आध्यात्मिक होणे ही चर्चच्या इतिहासातली मोठी हानी होय. व्याजाचा प्रश्न मात्र चर्चने सोडला नव्हता. निकायाच्या महासभेने ३२५ मध्ये धर्मगुरूंना व्याज घेण्यास मनाई केली. पंधराव्या शतकात इटलीतील फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रयत्नांतून तारणावर स्वस्त कर्ज देणाऱ्या पेढ्या निघाल्या; पेरूजा येथील पेढी १४६२ मधली. वसईच्या ख्रिस्ती समाजाने १९१८ मध्ये काढलेली पतसंस्था, म्हणजे आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक, ही आपसांतल्या ठेवींतून कर्जाची सोय करण्याच्या त्याच धडपडीतली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस योबेल पुन्हा कर्जाच्या मैदानात उतरले. ब्रिटनमधील निवृत्त प्राध्यापक मार्टिन डेंट आणि निवृत्त राजनैतिक अधिकारी बिल पीटर्स यांच्या पुढाकाराने ‘ज्युबिली २०००’ ही मोहीम उभी राहिली. गरीब देशांवरचे न फिटणारे कर्ज रद्द करावे, ही तिची मागणी. १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅममध्ये बड्या राष्ट्रांची परिषद भरली असताना सुमारे ७०,००० लोकांनी मानवी साखळी केली. पुढच्या वर्षी कोलोनच्या परिषदेत कर्जमाफीची व्याप्ती वाढवण्याचे ठरले. युगांडाने माफीतून वाचलेला पैसा प्राथमिक शाळा, पिण्याचे पाणी आणि ग्रामीण रस्ते यांसाठी वेगळ्या निधीत ठेवला.

झांबियालाही २००५ मध्ये मोठी सूट मिळाली; तरी नोव्हेंबर २०२० मध्ये तो देश खासगी रोखेधारकांचे हप्ते भरू शकला नाही. लेवीयातला नियम पुन्हापुन्हा येणारा आहे, याचे महत्त्व अशा वेळी कळते. पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी काढलेल्या पत्रात श्रीमंत देशांनी गरीब देशांची कर्जे माफ करावीत, असे म्हटले आणि पर्यावरणीय ऋणाचा मुद्दाही मांडला. उत्तरेकडील देशांनी दक्षिणेकडील नैसर्गिक साधने प्रमाणाबाहेर वापरली, हे त्यात गृहीत आहे. हा हिशेब मानला तर धनको आणि ऋणको यांच्या जागा बदलतात.