मोटारीचा चातुर्मास

मोटार हे बारमाही वाहन, असे आपण गृहीत धरतो. पण १९१९ साली अमेरिकेत तयार होणाऱ्या मोटारींपैकी सुमारे ९० टक्के उघड्या, कापडी टपाच्या होत्या. उत्तरेच्या हिवाळ्यात रेडिएटरमधले पाणी गोठून इंजिनाला तडे जात. म्हणून अनेक मालक पाणी काढून टाकत, टायरांवर भार नको म्हणून गाडी ठोकळ्यांवर चढवत आणि वसंताची वाट पाहत. पुढे बंद मोटारी स्वस्त झाल्या. १९२७ पर्यंत त्यांचा वाटा ८५ टक्क्यांवर गेला. ऋतूवरच्या या विजयाला आपण प्रगती म्हणतो. त्यात ऋतूपुढे थांबण्याची रीत मात्र लोपली. आज थंड प्रदेशातला कन्व्हर्टिबलचा मालक गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवतो, तेव्हा यंत्रांनीही कधीकाळी चातुर्मास पाळला होता, याची आम्हांस आठवण होते.